पास की नापास? अँटेनाला विचारा!

गाडीत एफएम मस्त चालू असतं. मोबाइलची बॅटरी सात टक्क्यांवर येते, म्हणून सिग्नलवर शंभर रुपयांत घेतलेला चार्जर तुम्ही सॉकेटमध्ये खुपसता आणि आरजेचा आवाज गायब! नुसती खरखर. चार्जर काढला, की आरजे परत. लावला, की पुन्हा खरखर. हा प्रयोग ज्यांनी अजून केलेला नाही त्यांनी आजच करून बघा, फुकटात होतो.

यातला व्हिलन रेडिओ नाही, चार्जर आहे. हल्लीचा कुठलाही चार्जर आतल्या आत सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद होत असतो. या प्रत्येक झटक्यातून बारीकसारीक रेडिओ लहरी बाहेर पडतात आणि चार्जरला लावलेली वायर त्या लहरींसाठी आयती अँटेना बनते. थोडक्यात, तुमच्या डॅशबोर्डवर एक छोटंसं, बिनपरवान्याचं रेडिओ स्टेशन सुरू झालेलं असतं. प्रोग्रॅम एकच, खरखर.

चांगल्या कंपनीचा चार्जर असा दंगा करत नाही, कारण विक्रीला येण्याआधी त्याची परीक्षा झालेली असते. तुमचा लॅपटॉप, हेअर ड्रायर, एलईडी बल्ब, ऑफिसातलं कॉफी मशीन, सगळ्यांचं हेच. या परीक्षेचं नाव रेडिएटेड एमिशन टेस्ट. ('टॉवरच्या रेडिएशनने डोकं दुखतं' वाल्या काकांचा विषय वेगळा आहे बरं का. इथे प्रश्न तब्येतीचा नाही, शेजारच्या रेडिओ-टीव्हीच्या तब्येतीचा आहे.) आणि या परीक्षेत पेपर तपासणारे मास्तर म्हणजे एक अँटेना. गंमत अशी, की आधी या मास्तरांचीच परीक्षा घ्यावी लागते.

या सगळ्यात मी पडले ती माझ्या मावसभावामुळे. दादाचं भोसरीला छोटं युनिट आहे. अकरा माणसं, दोन सोल्डरिंगची टेबलं आणि बँकेचं एक कर्ज. प्रॉडक्ट म्हणजे चार पोर्टचा डेस्क चार्जर, दिसायला एकदम स्मार्ट. युरोपातून एक ऑर्डर आली, पण दिवाळीच्या आत माल निघायला हवा आणि त्याआधी हा टेस्ट रिपोर्ट हातात हवा. दादा निर्धास्त होता. युनिटच्या गच्चीवर त्याने स्वतःची 'लॅब' थाटली होती: लाकडी टेबल, तीन मीटरवर सेकंडहँड अँटेना, भाड्याने आणलेला रिसीव्हर. तिथे त्याचा चार्जर ३७ डेसिबलवर होता. मर्यादा ४०. मस्त तीनची मार्जिन!

मग तो खऱ्या लॅबमध्ये गेला आणि तिथला आकडा आला ४१.९. नापास, आणि तेही पावणेदोन-दोन डेसिबलने! त्या दिवशी मी त्याच्याबरोबर होते ती 'लेख मिळेल' म्हणून, आणि लेख मिळालाच.

आधी हे चाळीसचं प्रकरण काय ते बघू. १९३३-३४च्या सुमारास युरोपात घरोघरी रेडिओ आले आणि त्याबरोबर तक्रारीही आल्या. शेजारच्या पंख्याने, ट्रॅमने, शिवणयंत्राच्या मोटारीने कार्यक्रमाचा विचका होतोय! त्यातून १९३४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली, सिस्पर. आजही जगभरातले नियम बहुतांशी तिच्याच पुस्तकांवरून बेतले जातात. घरगुती वापराच्या वस्तूंसाठी ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये तीन मीटर अंतरावर ४० डेसिबल, म्हणजे मीटरला १०० मायक्रोव्होल्ट, ही सर्वसाधारण मर्यादा. १०० मायक्रोव्होल्ट म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण ग्रामीण भागात स्टिरिओ एफएम नीट ऐकू यावं म्हणून जी किमान ताकद धरतात ती ५०० मायक्रोव्होल्टच्या आसपास असते. म्हणजे तीन मीटरवरचा 'कायदेशीर' चार्जरसुद्धा स्टेशनच्या एक पंचमांश जोराने कुजबुजू शकतो.

या समितीच्या जुन्या मंडळींची एक गोष्ट मला फार आवडते. खरखर किती आहे, एवढंच त्यांनी मोजलं नाही. ऐकणाऱ्याला ती किती छळते, हेही मोजलं. क्वचित होणारी टिक माणूस सोडून देतो, पण सतत टिकटिक चालली की वैतागतो. म्हणून रिसीव्हरमध्ये एक खास सर्किट बसवलं गेलं. ते पटकन चढतं आणि सावकाश उतरतं, त्यामुळे वारंवार येणाऱ्या टिकटिकीला जास्त मार्क पडतात. आज एफएमसुद्धा लोक अॅपवर ऐकतात, पण १९३० च्या दशकातल्या श्रोत्याचा वैताग अजून या यंत्रात बसलेला आहे.

अमेरिकेत हीच वेळ घरगुती कॉम्प्युटर आल्यावर आली. टीव्हीवर मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा १९७९ मध्ये तिथल्या एफसीसीने कॉम्प्युटरसाठी नियम केले. त्यात १९७७ पासून विकला जाणारा टँडीचा टीआरएस-८० बसेना. तो इतका बडबड्या होता, की काही गेम्समध्ये आवाजासाठी शेजारी चक्क एएम रेडिओ ठेवायचा आणि कॉम्प्युटरची खरखर म्युझिक म्हणून ऐकायची! पुढे त्याचं पहिलं मॉडेल बंद झालं, आणि त्यामागे हे नियम हे एक मोठं कारण होतं.

आता परत लॅबमध्ये. एमिशन चेंबर हा प्रकार बघण्यासारखा असतो. पोलादी खोली, भिंती आणि छताला फोमचे टोकदार शंकू, त्यामागे फेराइटच्या फरशा. आत गेल्यावर आपलाच आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येतो. मोबाइलची रेंज शून्य. (माझ्या एडिटरचे फोन टाळायला याहून उत्तम जागा नाही.) बाहेरचं एफएम, टीव्ही, मोबाइल काही आत येत नाही आणि आतल्या लहरी भिंतींवरून परत येत नाहीत. जमीन मात्र मुद्दाम धातूची. टेबल ८० सेंटिमीटर उंच आणि गोल फिरणारं, त्यावर दादाचा चार्जर. समोर तीन मीटरवर खांबाला अँटेना, एक मीटरपासून चार मीटरपर्यंत वरखाली होणारी. का? कारण चार्जरची लहर अँटेनाकडे दोन वाटांनी येते, एक थेट आणि एक जमिनीवरून उसळी मारून. दोघी एकमेकींना साथ देतात तेव्हा आकडा फुगतो, भांडतात तेव्हा पडतो. म्हणून टेबल फिरवायचं, अँटेना वरखाली करायची आणि सगळ्यांत वाईट आकडा पकडायचा. दादाच्या गच्चीवर अँटेना जिथल्या तिथे उभी होती. पहिला घोळ इथेच झाला.

पण खरी गंमत पुढे आहे. स्क्रीनवर ४१.९ दिसलं तेव्हा मी तिथल्या इंजिनीअर मॅडमना विचारलं, "हा आकडा अँटेनाने मोजला ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "रिसीव्हरला दिसलेत फक्त ३२.१. उरलेले आम्ही मिळवलेत."

मिळवलेत म्हणजे? तर हिशोब असा. रिसीव्हरवर ३२.१. केबलमधून येताना थोडा सिग्नल वाटेत सांडतो, त्याचे १.५. आणि ८.३ अँटेनाचे. बेरीज ४१.९. हे ८.३ म्हणजे त्या अँटेनाचा 'अँटेना फॅक्टर'. हवेतल्या लहरीपैकी वायरीवर किती उतरतं, याचा हिशोब. आदर्श अँटेना अशी दुनियेत नाही. प्रत्येकीचा फॅक्टर वेगळा असतो आणि तोही प्रत्येक फ्रीक्वेन्सीला वेगळा. दादाचा चार्जर दंगा करत होता ६२ मेगाहर्ट्झला, तिथे या अँटेनाचा फॅक्टर ८.३. शंभरला दुसरा, दोनशेला तिसरा. हे सगळे आकडे एका कागदावर असतात, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर. म्हणजे अकरा माणसांची दिवाळी ज्या आकड्यावर ठरणार होती, त्यातला चांगला मोठा तुकडा त्या दिवशी कोणी मोजलेलाच नव्हता. कुठल्या तरी दुसऱ्या लॅबने, काही महिन्यांपूर्वी, कागदावर लिहून दिलेला होता!

मग माझा साहजिक प्रश्न: तो कागद बनवणाऱ्याला कसं कळलं? त्यांच्याकडे अजून चांगली अँटेना असेल. पण तिचा फॅक्टर कोणी काढला? असं मागे मागे जात राहिलो, तर सुरुवात कुठे?

याचं उत्तर इतकं देखणं आहे, की ते मी तुम्हाला पगाराच्या भाषेत सांगते. ऑफिसात तिघं आहेत. पगार कोणीच सांगणार नाही, एचआरची शपथ आहे. पण जोडीचा एकत्र पगार सांगायला कोणाची ना नाही. पहिला आणि दुसरा मिळून ९० हजार. दुसरा आणि तिसरी मिळून ११० हजार. पहिला आणि तिसरी मिळून १०० हजार. करा हिशोब! तिन्ही बेरजा मिळवल्या तर ३००, त्यात प्रत्येक जण दोनदा आला, म्हणून तिघांचे मिळून १५०. त्यातून ११० गेले, पहिल्याला ४०. दुसऱ्याला ५०, तिसरीला ६०. कोणी तोंड उघडलं नाही, तरी सगळं बाहेर आलं.

अँटेनाचं अगदी हेच करतात. तीन अनोळखी अँटेना घ्यायच्या. पहिलीतून सिग्नल सोडायचा, दुसरीने पकडायचा आणि वाटेत किती कमी झाला ते मोजायचं. मोकळ्या जागेत ठरावीक अंतरावर किती कमी व्हायला हवा, ते गणिताने माहीत असतं. उरलेला फरक म्हणजे त्या दोन अँटेनांच्या फॅक्टरची बेरीज. मग पहिली-तिसरी, मग दुसरी-तिसरी. तीन बेरजा, तीन अज्ञात, काम फत्ते. आधी कुठलीच 'खात्रीची' अँटेना लागत नाही. सपाट धातूच्या जमिनीवर हे कसं करायचं, याची पद्धत आयबीएममधल्या अल्बर्ट स्मिथ यांनी १९८२ मध्ये मांडली आणि एमिशन टेस्टच्या दुनियेत ती रुळली. आज सिस्परचं यावर वेगळं पुस्तकच आहे, २०१४ मध्ये आलेलं.

ऐकायला सोपं, पण प्रत्यक्षात वैताग. जमीन अँटेनाला आरशासारखी असते. अँटेना खाली आणली की तिचं प्रतिबिंब तिच्याशी लुडबुड करायला लागतं आणि फॅक्टर सरकतो. मोठ्या फ्रीक्वेन्सीला जी माशाच्या काट्यासारखी अँटेना वापरतात, तिचा सिग्नल पकडणारा काटा फ्रीक्वेन्सीप्रमाणे पुढेमागे होतो. मग तीन मीटर मोजायचे ते कुठून? दहा मीटरवर हा फरक किरकोळ, तीन मीटरवर चांगलाच झोंबणारा. त्यात खांब, केबल, कनेक्टरची घट्ट-सैल पकड, सगळ्यांचे हात बरबटलेले.

दादाच्या अँटेनाचं काय? तिचा कागद होता, पण तो त्या मॉडेलचा छापील तक्ता. मॅन्युअलमधला. सगळ्या भावंडांना एकच मार्कशीट! शिवाय युनिट हलवताना टेम्पोत तिचा एक काटा वाकला होता आणि तो पकडीने सरळ केला होता. केबल गच्चीवर उन्हात दोन वर्षं पडलेली. अँटेनाचा दीड-दोन, केबलचा एखादा, न हलवलेल्या उंचीचा दोनेक... ३७ आणि ४१.९ मधल्या फरकाला आणखी काय पाहिजे?

आता इथे दादाने जो मुद्दा काढला, त्यासाठी मी त्याला चहा पाजला. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते, मोजमापाच्या अनिश्चिततेची. तिथे होतं अधिक-उणे ५ डेसिबल. दादा उसळलाच. "मॅडम, तुमचाच काटा पाच इकडेतिकडे. मी दोनने नापास. मग मी नापास कसा?"

प्रश्न चुकीचा नव्हता. डेसिबलमधले पाच लहान दिसतात, पण मायक्रोव्होल्टमध्ये बघा. ४१.९ म्हणजे १२४ मायक्रोव्होल्ट. अधिक-उणे पाच लावलं, की खरा आकडा ७० ते २२० मध्ये कुठेतरी. आणि ही काही ढिसाळ लॅब नव्हती! सिस्परनेच या टेस्टसाठी ६.३ डेसिबलपर्यंतची अनिश्चितता चालवून घेतली आहे. ६.३ म्हणजे दुपटीपेक्षा किंचित जास्त. असा वजनकाटा तुमच्या जिममध्ये असता, तर ६० किलोवर काटा थांबला की ट्रेनर म्हणाला असता, "खरं वजन २९ ते १२४ मध्ये आहे, खात्री बाळगा." अजून एक मजा. हा आकडा आधी ५.२ होता. २०११ च्या आवृत्तीत तो ६.३ झाला. म्हणजे यंत्रं सुधारली तशी शंका कमी व्हायच्या ऐवजी वाढली, कारण कुठे कुठे चूक लपते ते जास्त नीट कळत गेलं. मला विचाराल तर ज्या लॅबच्या रिपोर्टवर अनिश्चितता एकदम चकचकीत कमी लिहिलेली दिसते, तिच्याकडे मी जरा संशयानेच बघेन.

मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, "सर, नियम असा आहे. आमची अनिश्चितता ६.३ च्या आत असेल, तर आकडा थेट मर्यादेशी ताडायचा. ४०च्या वर गेला की नापास. पण उद्या ३९.९ आला असता तर तुम्ही पास झाला असता, आणि तेव्हा तुम्ही मला या ओळीबद्दल विचारलंही नसतंत."

दादा गप्प. मी मनात टाळी दिली, पण भाऊ समोर होता.

हा नियम न्याय्य आहे का? मला तो व्यवहारी वाटतो. शंकेचा सगळा बोजा कंपनीवर टाकला, तर छोटी युनिट्स मरतील. सगळा फायदा कंपनीला दिला, तर बाजारभर खरखर. म्हणून जोखीम अर्धी-अर्धी. पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. मोठी कंपनी सहा-सात डेसिबलची मार्जिन ठेवून डिझाइन करते आणि निवांत झोपते. दादासारखा माणूस शेवटच्या डेसिबलपर्यंत पैसा वाचवतो आणि नेमका तिथेच सापडतो, जिथे अँटेनाच्या कागदावरचा एक आकडा त्याचं वर्ष इकडचं तिकडे करू शकतो. त्यामुळे तो कागद कोणाचा, कधीचा आणि नक्की त्याच अँटेनाचा आहे ना, हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. लॅब एनएबीएलची मान्यता असलेली असेल तर तिला हे दाखवता यायलाच हवं. मान्यता देताना बघतात ते हेच, की तुमच्या प्रत्येक आकड्यामागची साखळी मूळ मोजमापापर्यंत पोहोचते की नाही.

साखळी असली तरी रोजची निगराणी वेगळी. त्या लॅबमध्ये एक छोटी डबी आहे, कंगव्याच्या दातांसारखे ठरावीक अंतरावर सिग्नल सोडणारी. सकाळी चेंबर उघडलं की आधी ही डबी टेबलावर ठेवतात आणि आलेख कालच्याशी जुळतो का बघतात. जुळला नाही, तर कुठला तरी कनेक्टर सैल आहे किंवा अँटेनाला कोणीतरी धक्का मारलाय. सर्टिफिकेट वर्षाने येतं, धक्का कधीही लागतो.

आणि पास म्हणजे गप्प, असंही नाही. ही मर्यादा घरातला रेडिओ वाचवण्यासाठी ठरली आहे. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत, त्यांच्यासाठी पास झालेला चार्जरसुद्धा बोंबाबोंबच. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं काही गूढ सिग्नल मिळत होते. २०१५ मध्ये उलगडा झाला. मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आत कोणीतरी दार उघडत होतं!

दादाचं पुढे काय झालं? तीन आठवडे गेले, दोन रात्री तो युनिटवरच झोपला. सर्किटमध्ये एक कॉइल बदलली, एका ट्रान्झिस्टरचा झटका जरा मऊ केला आणि वायरीवर फेराइटचा गोळा चढवला. (तुमच्या जुन्या लॅपटॉपच्या केबलवर तो काळा फुगवटा असतो ना, तोच. मला इतकी वर्षं वाटायचं, वायर ओळखू यावी म्हणून असतो!) दुसऱ्या फेरीत आकडा आला ३६.२. माल वेळेत गेला, पण विमानाने. नफ्यातला बराचसा त्या विमानात बसून गेला.

वाकलेली अँटेना दादाने कॅलिब्रेशनला पाठवली. कागद आला, ६२ मेगाहर्ट्झला छापील तक्त्यापेक्षा २.३ डेसिबलचा फरक. तो कागद त्याने गच्चीच्या दाराला आतून चिकटवलाय. पुढच्या महिन्यात त्याचा सहा पोर्टचा चार्जर त्याच चेंबरमध्ये जातोय. स्लॉट बुक करायला त्याने माझ्यासमोरच फोन लावला. एरवी पहिला प्रश्न तासाच्या रेटचा असतो आणि दुसरा डिस्काउंटचा. या वेळी त्याने आधी विचारलं, "मॅडम, अँटेनाचं कॅलिब्रेशन कधीचं आहे?"

डिस्काउंट नंतर मागितलाच.